ड्रेसिना उशाशी आणि खिडकी बंद: एका मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंना बघायला गेले. वय अडुसष्ट, दमा जुना. खोलीत पाऊल टाकलं आणि आधी वास आला, ओल्या कुजलेल्या मातीचा. कॉटच्या उशाशी सहा कुंड्या: तीन स्नेक प्लांट, दोन रुंद पानांचे ड्रेसिना आणि काचेच्या भांड्यात लकी बांबू. खिडकी घट्ट बंद, वर पडदा ओढलेला. मी उघडायला गेले तर काकूंनी हात धरला.

"अगं, नको उघडू. आक्सिजन भाईर जातोय. रातभर झाडं सोडत्यात न्हवं?"

आणि मग दम्याच्या इनहेलरबद्दल सहज म्हणाल्या, "पंप बी रातचा बंद केलाय मी. कशाला घेऊ आता?"

हे ऐकल्यावर गप्प बसवलं नाही, म्हणून लिहिते आहे. काकूंना हे कुणी सांगितलं? घरच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजनं. तो तुमच्याकडेही आला असेल. आमच्या भागात तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपासून, २०२१ पासून फिरतोय. तेव्हा ऑक्सिजन हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा यायचा, त्यामुळे लोकांनी तो का पुढे पाठवला हे मला समजतं. मेसेज थोडक्यात असा आहे: घरात ड्रेसिना, स्नेक प्लांट आणि लकी बांबू ठेवा. नासानं सिद्ध केलंय की ही झाडं २४ तासांत हवेतलं ८७ टक्के विष शोषतात. रात्रीही ऑक्सिजन देतात, म्हणून उशाशी ठेवा. ऊन-उजेड लागत नाही. रोज ग्लासभर पाणी घाला. पानांची टोकं करपली तर समजा पाणी कमी पडतंय. लकी बांबू पाण्यात ठेवला की लक्ष्मी टिकते. मुलाबाळांना आणि पाळीव प्राण्यांना पूर्ण सुरक्षित.

एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे, ती आधी मान्य करते. स्नेक प्लांटला तो ड्रेसिनाच्या कुटुंबातला म्हणतो. पूर्वी त्याचं नाव सॅन्सेव्हेरिया होतं. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती सगळी प्रजात ड्रेसिनातच घेतली आहे. लकी बांबूही ड्रेसिनाच, बांबू नव्हे. बाकी एकेक मुद्दा घेऊ, आणि ज्यानं काकूंचा पंप बंद झाला तोच आधी.

"रात्रीही ऑक्सिजन देतात." याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, फक्त ती उलटी सांगितली आहे. बहुतेक झाडं पानांवरची बारीक छिद्रं दिवसा उघडतात. स्नेक प्लांट मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, कोरड्या दिवसांना सरावलेला. दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून तो ती रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. सकाळी उजेड आला की छिद्रं मिटून त्या साठ्यापासून साखर बनवतो. ऑक्सिजन तयार होतो पाण्याचे रेणू फुटताना, आणि ते फुटायला उजेड लागतो. म्हणजे रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड घेतं इतकंच. ऑक्सिजन तेव्हाही बनत नाही. रुंद पानांचा नेहमीचा ड्रेसिना तर हेही करत नाही. तो रात्री आपल्यासारखाच श्वास घेतो. पण हा श्वास इतका थोडा असतो की त्यानं काही बिघडत नाही, त्यामुळे "रात्री झाड खोलीत नको" या जुन्या भीतीलाही अर्थ नाही.

पण समजा, वादासाठी, झाडानं सगळा ऑक्सिजन आपल्यालाच दिला. किती लागेल? झोपलेलं माणूस तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन वापरतं, आठ तासांचे १२० लिटर. झाडात ऑक्सिजन आणि साखर एकाच कामातून बनतात, म्हणून एवढा ऑक्सिजन सोडायचा तर झाडाला त्या प्रमाणात सुमारे १५० ग्रॅम साखर बनवावी लागेल. रोज. आपण उसाच्या मुलखातली माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. शिरोळ-हातकणंगल्याच्या रानात भर उन्हात उभा ऊस बारा-अठरा महिने साखर साठवतो, तेव्हा कुठे कांड्यात गोडी येते. आणि वर्षाकाठी चार-पाच पानं काढणारी उशाशीची कुंडी रोज दीडशे ग्रॅमनं वाढणार? तसं असतं तर आठवड्यात झाड छताला लागलं असतं.

दुसऱ्या बाजूनंही बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात साधारण ३४ हजार लिटर हवा असते, त्यात ऑक्सिजन सात हजार लिटरच्या आसपास. त्यातले १२० लिटर गेले तर दोन टक्केसुद्धा कमी होत नाहीत. खिडकी बंद ठेवली तरी रात्री ऑक्सिजन संपत नाही. जे वाढतं ते आपणच सोडलेलं कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि कोंदटपणा. सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळं. आणि ओल्या मातीवर बुरशी धरली असेल तर दम्याच्या माणसाला त्याचा त्रासच होतो. काकूंच्या सहापैकी तीन कुंड्यांवर पांढरी बुरशी मी डोळ्यांनी बघितली.

दम्याचा पंप श्वासनलिकेची सूज आणि आकुंचन कमी करतो. खोलीत ऑक्सिजन किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. तो कमी करायचा की बंद करायचा हे फक्त डॉक्टर ठरवणार. तुमच्या घरात कुणी झाडांच्या भरवशावर पंप बाजूला ठेवला असेल तर पुढचं वाचायच्या आधी त्यांना फोन करा.

आता नासा. ते संशोधन खोटं नाही. १९८९ साली बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. अंतराळयानासारख्या पूर्ण बंद जागेत हवा कशी शुद्ध ठेवता येईल, हा त्यामागचा विचार होता. पारदर्शक प्लास्टिकच्या हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, आत बेन्झिन, ट्रायक्लोरोएथिलीन किंवा फॉर्मल्डिहाइड सोडलं आणि २४ तासांनी किती उरलं ते मोजलं. त्यात ड्रेसिनाच्या जाती होत्या आणि स्नेक प्लांटही होता. रसायनं खरंच कमी झाली, आणि त्या कामात मुळांजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही मोठा वाटा होता, असं त्यांनीच नोंदवलं. पण टक्केवारी त्या पेटीतल्या हवेची आहे. आपल्या घरात दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा सतत बदलत असते, आणि ती बदलणं कुठल्याही कुंडीपेक्षा कितीतरी वेगानं काम करतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी तोवरचे असे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं निघालं. काकूंची खोली ११ चौरस मीटरची. सगळ्यात कमी आकडा धरला तरी ११० कुंड्या. कॉट कुठे ठेवायची?

खिडकी उघडायला मात्र पैसे पडत नाहीत.

"ऊन-उजेड लागत नाही." यानं माणसाचं नुकसान होत नाही, झाडाचं होतं. ड्रेसिना अंधारात लगेच मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला अंधार चालतो. तो साठवणीवर दिवस काढत असतो. पेठेतल्या जुन्या घरांच्या माजघरात ठेवलेला ड्रेसिना बघा: नवी पानं आधीपेक्षा लहान, रंग फिका, खोड बारीक होत उजेडाकडे वाकलेलं. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींना, म्हणजे साँग ऑफ इंडियासारख्यांना, उजेड जास्तच लागतो, कारण पट्ट्याच्या भागात हरितद्रव्य कमी. (नावात इंडिया असलं तरी झाड मादागास्कर-मॉरिशसकडच्या बेटांचं.) माझी खूण साधी आहे. दुपारी बारा वाजता दिवा न लावता वर्तमानपत्राची बारीक अक्षरं आरामात वाचता आली तर जागा चालेल. थेट ऊन नको, एप्रिल-मेचं तर अजिबात नको. पानावर एका दुपारीत पांढुरके चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. थंडीची मात्र फार काळजी नको. दहा-बारा अंशांखाली ड्रेसिनाला त्रास होतो, आणि कोल्हापुरात घराच्या आत सहसा तेवढा गारठा येत नाही.

"रोज ग्लासभर पाणी." हाताखालून गेलेल्या मेलेल्या ड्रेसिनांपैकी तहानेनं मेलेला मला आठवत नाही. सगळे बुडून मेले. काकूंचा मोठा ड्रेसिना मी त्याच दुपारी परड्यात नेऊन कुंडीतून काढला. बाहेरची शोभेची कुंडी चिनी मातीची, तळाला भोक नाही, त्यात चार बोटं काळं पाणी. आतली माती शेतातली काळी, मळलेल्या कणकेसारखी घट्ट. मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. ड्रेसिनाचं निरोगी मूळ पिवळसर नारिंगी आणि टणक असतं. इथं एकच तसं सापडलं, बाकी सगळी काळी, लिबलिबीत. काकू पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "रोज न चुकता घालतोय की मी पाणी, तरी पानं पिवळीच." कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. त्यांच्या मायेनंच झाड चाललं होतं, आणि हे त्यांना सांगताना मला जड गेलं.

पाणी वारानं घालायचं नाही, मातीला विचारून घालायचं. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, पण मग तळातून बाहेर येईपर्यंत, आणि ताटलीतलं ओतून टाका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की घरातल्या ड्रेसिनाला दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. स्नेक प्लांट महिनाभर पाण्याशिवाय राहतो. माती म्हणाल तर नदीकाठची काळी नको. तांबडी माती, कोकोपीट, थोडं कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा विटांचा चुरा. कुंडीला भोक हवंच.

टोकं करपण्याचा मुद्दा यालाच लागून. पाणी फारच कमी पडलं तर टोकं वाळतात, खरं आहे. पण ड्रेसिनाचा एक खास स्वभाव आहे: त्याला फ्लोराइड सोसत नाही. पाण्यातलं आणि सुपर फॉस्फेट खतातलं फ्लोराइड पानात चढतं आणि टोकाशी साचून तिथला भाग मरतो. बोअरच्या पाण्यातले क्षारही तेच करतात. "पाणी रात्रभर भरून ठेवा" हा सल्ला क्लोरीनपुरता ठीक, तो उडून जातो. फ्लोराइड आणि क्षार जागचे हलत नाहीत. आरओ मशिनमधून वाया जाणारं पाणी तर मुळीच घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. आपल्याकडे उत्तम उपाय आभाळातून येतो. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पहिल्या एक-दोन सरी सोडून. मी ते दिवाळीपर्यंत पुरवते. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कात्रीनं पानाच्या आकारातच तिरकं कापा, तपकिरी रेघ किंचित ठेवून.

लकी बांबूच्या लक्ष्मीबद्दल मी वाद घालत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. हे झाड मध्य आफ्रिकेतलं, कॅमेरूनकडचं. पण त्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही; त्याला घरातलं स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात एडिस जातीचे डास लकी बांबूच्या आयात मालातून पोचले होते, म्हणजे हे भांडं त्यांना किती मानवतं बघा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात आपण पिंप पालथं घालून कोरडा दिवस पाळतो आणि टीव्हीशेजारचं हे भांडं विसरतो. आठवड्यातून एकदा पाणी बदला आणि भांडं आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी काचेला चिकटलेली असतात.

"पाळीव प्राण्यांना सुरक्षित" हे चूक आहे. ड्रेसिनात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. मांजरानं किंवा कुत्र्यानं पानं चघळली तर उलट्या, लाळ, सुस्ती येते, मांजराच्या बाहुल्या मोठ्या होतात. घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या आवाक्याबाहेर, आणि पान खाल्लंच तर जनावरांच्या डॉक्टरकडे.

काकूंचं पुढे काय झालं ते सांगते. मुलगा त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. पंप पुन्हा सुरू झाला, डॉक्टरांनी त्यांना तो ओढायची पद्धतही नव्यानं शिकवली. उशाशीच्या कुंड्या हलल्या. स्नेक प्लांट तिन्ही वाचले, ते आता सोप्यात आहेत. दोन ड्रेसिनांची खोडं खालून कुजली होती. वरचा टणक भाग मी वीतभर लांब कापून पाण्यात ठेवला, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जी आता दिवसभर उघडी असते. तीन आठवड्यांनी एकाला नारिंगी मुळं फुटली, दुसऱ्याला अजून नाहीत. दर शुक्रवारी अंबाबाईला जायच्या आधी काकू त्या भांड्याचं आणि लकी बांबूचं पाणी बदलतात, ब्रशनं आतून घासतात, आणि मूळ किती वाढलं ते मला जिन्यातून हाक मारून सांगतात.