तीन महिन्यांची शुगर

रक्त तपासायला जायच्या आधीचे तीन दिवस मी जवळजवळ संतपदाला पोचलो होतो. बिनसाखरेचा चहा, सकाळी कारल्याचा रस, रात्री एकच भाकरी आणि संध्याकाळी सोसायटीला बारा फेऱ्या. शेवटी वॉचमनने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

चौथ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये दंड पुढे केला. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. फास्टिंग शुगर ९६. शंभराच्या आत! मी पेढे आणायला पिशवी शोधतोय तोवर हिने चष्मा लावून खालची ओळ वाचली.

"अहो, हे एचबीएवनसी ६.३ म्हणजे काय?"

"टायपिंगची चूक असेल."

"तीन महिन्यांची शुगर आहे ती," आतून अकरावी सायन्स बोललं. लेकीच्या क्लासमध्ये नेमका बायोमॉलिक्यूल्सचा धडा सुरू होता. आमच्या घरात ग्रहांची युती अशीच होते.

तिने मला समोर बसवलं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात हिमोग्लोबिन नावाचं प्रोटीन असतं. रक्तातलं ग्लुकोज त्याला येऊन चिकटतं. एन्झाइम लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. एकदा पक्कं चिकटलं की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. ६.३ म्हणजे माझ्या दर शंभरातली सहाएक हिमोग्लोबिनं फितूर होती. (पाचच्या आसपास तर धडधाकट माणसाचीही असतात, हे तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं. पण ५.७ पासून पुढे धोक्याची पाटी.)

"बाबा, पोळीवर तव्यात डाग पडतात ना, त्याचीही सुरुवात अशीच. साखर प्रोटीनला चिकटते. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली सांगितलं."

"म्हणजे मी तव्यावर आहे?"

"मंद आचेवर. सदतीस डिग्री."

आता उलगडा झाला. रक्त दिलं जुलैत. म्हणजे अक्षय्य तृतीयेला जन्मलेल्या पेशी अजून ड्यूटीवर होत्या. आमरसाची प्रत्येक वाटी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. कारल्याचा रस त्यांच्या म्हातारपणी आला. मधुमेहींच्या रक्तातली ही चुगली १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांनी पकडली. माणूस विद्वान, पण त्यांच्याकडे हापूस नसावा.

"पण मी तर चार वर्षं गुळाचा चहा पितोय!" मी शेवटचं अस्त्र काढलं.

"गूळही बहुतेक सुक्रोजच. पोटात गेल्यावर अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज."

"आणि एकादशीचे उपास?"

यावर मायलेकी दोघी हसल्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. लोक माळ जपतात, मी दोन ताटल्या भरून गिळत होतो, वर दाण्याचं कूट आणि साजूक तूप. मेथीच्या देठातल्या सेल्युलोजमध्येही म्हणे तेच मणी, फक्त गाठ उलटी. ती गाठ सोडवायचं एन्झाइम आपल्याकडे नाही, म्हणून त्यातली साखर अंगी लागत नाही. जगातलं एकमेव ग्लुकोज जे मला माफ आहे, ते नेमकं देठात असावं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "पायरी की हापूस?" पुढची तपासणी तीन-चार महिन्यांनी.

घरी आल्याबरोबर भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसलो. नव्या पेशींना सुरुवातीपासून चांगले संस्कार द्यायचे तर सलग १२० दिवस कोरडे हवेत. श्रावणात पुरणाचे दिवे. मग गणपती, एकवीस मोदक. पुढे दसरा, श्रीखंड. मधे एक पंधरवडा सापडला, पितृपक्षाचा. मी त्यावर लाल पेनाने गोल करणार, इतक्यात आई म्हणाली, "तुझ्या आजोबांना खीर आवडायची हो. वाटीभर तरी घ्यावीच लागते."