गहूभर पुढे, तांदूळभर मागे

वीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत मी एक वाक्य बोललो होतो. तिसरी जिलबी पोटात गेल्यावर माणूस बोलतो ना, त्यातलं. नागपूरच्या साडूंनी विचारलं, "तुमच्या अंबाबाईचा तो किरणोत्सव म्हणतात, मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यातल्या देवीवर पडतं तो, खरंच असतो का हो?" मी म्हणालो, "असतो का म्हणजे? आम्ही दरवर्षी बघतो!"

आता खरं सांगतो. माझा जन्म शिवाजी पेठेतला. घरातून देऊळ चालत दहा मिनिटं, वाटेत चौघांशी बोललं तर चाळीस. आणि किरणोत्सव मी आयुष्यात एकदाही बघितलेला नव्हता. कोल्हापूरकराला कोल्हापूर बघायची गरज पडत नाही. ते आहेच की, कुठं जातंय?

ते कुठं गेलं नाही, पण साडू आले. निवृत्त झाल्याबरोबर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून, एक दिवस एक रात्र प्रवास करून, १० नोव्हेंबरला सपत्नीक उतरले. फलाटावरच मला मिठी मारून म्हणाले, "उद्या तुमच्याबरोबर किरणोत्सव! तुम्ही दरवर्षी बघता ना!" आमच्या हिनं माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली की एकदा पुरतं.

साडू भूगोलाचे मास्तर होते, हे जिलबी खाताना माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सकाळी मिसळ खायला नेलं. मिसळीबरोबर पाव न येता ब्रेडचे स्लाइस आले, याचंच त्यांना आधी नवल. मग त्यांनी एक स्लाइस उभा केला. "हे देऊळ. तोंड पश्चिमेला." लिंबाची फोड उचलली. "हा सूर्य. २२ डिसेंबरच्या सुमारास हा दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. म्हणजे त्याच्या एक्केचाळीस-बेचाळीस दिवस आधी जिथं मावळतो, तितक्याच दिवसांनी परत येताना तिथंच मावळणार. म्हणून तर ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. बरोबर?"

मी "बरोबर" म्हणालो. तारखा देवस्थानानं लोकांच्या सोयीनं ठरवल्यात असा माझा जन्मभराचा समज होता. देऊळ मात्र तोवर कटात भिजून आडवं झालं होतं आणि सूर्य साडूंनी पिळून टाकला.

पुढं नवा राजवाडा. माझी तिथली शेवटची भेट चौथीच्या सहलीत झालेली. त्यातलं मला तळ्यातली बदकं आणि बाईंचा फटका एवढंच आठवत होतं. साडूंना सगळं पाठ. १८७७ ते १८८४ बांधकाम, मेजर मँटचा आराखडा, काळा दगड, मधला अष्टकोनी मनोरा. ते मलाच खिडक्यांच्या कमानी दाखवत होते आणि मी "हां, हां" करत मागून चाललो होतो. आत संग्रहालयात त्यांनी प्रत्येक पाटी वाचली. प्रत्येक. तलवारी झाल्या, बंदुका झाल्या, पेंढा भरलेले वाघ झाले. एका वाघासमोर मी इतका वेळ उभा होतो की शाळेच्या सहलीतल्या एका पोरानं आधी वाघाकडं आणि मग माझ्याकडं बघून पाटी शोधली.

दुपारी मात्र मी पेटून उठलो. म्हटलं, आता आपलं मैदान. तांबडा-पांढरा मागवला आणि तांबडा त्यांच्यापुढं सरकवून पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसलो, कारण पाहुणा ठसकला की पाणी देण्यात एक वेगळंच सुख असतं. साडूंनी वाटी तोंडाला लावली, संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले, "छान आहे. पण मुलांसाठी वेगळा करतात का?"

सावजीवर पोसलेला माणूस. मी हे आधी ओळखायला हवं होतं. वाढप्याचा चेहरा पडला. त्यानं न मागता दुसरी वाटी आणून ठेवली, तिला वर बोटभर तर्री. साडूंनी तीही प्यायली. शेजारच्या टेबलावरचे दोघे जेवायचे थांबून बघत होते. मेव्हणीनं सांगितलं, "घरी आम्ही यात जरा मिरची घालतो." त्या दिवशी त्या हॉटेलात कोल्हापूर चितपट झालं.

साडेतीनला रंकाळा. तिथल्या नंदीची गोष्ट मात्र मला येत होती, आजीनं सांगितलेली. हा नंदी दरवर्षी रंकाळ्याच्या दिशेनं गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो. ज्या दिवशी पाण्यात पोचेल त्या दिवशी प्रलय. साडू खूश झाले. लगेच त्यांनी तांदूळ कुठला धरायचा, आंबेमोहर की बासमती, असा प्रश्न काढला. बासमती लांब, तो धरला तर नंदी वर्षागणिक मागंच जाईल आणि प्रलय टळेल. मी म्हटलं, कोल्हापूरच्या प्रलयात बासमती कशाला येईल? यावर दहा मिनिटं गेली. आमची ही घड्याळ बघत होती.

देवळाशी पोचलो तेव्हा गर्दी महाद्वार रोडवर सांडली होती. इथून पुढं आम्ही नंदीच्याच चालीनं निघालो. गहूभर पुढं. मागून धक्का. तांदूळभर मागं. माझ्या पायातल्या नव्याकोऱ्या कापशी चपला स्टँडवर ठेवाव्या लागल्या. त्या अशा करकरत होत्या की मी यायच्या आधी माझं येणं पोचायचं. त्यामुळं देवीच्या दारात उभा राहूनही माझं निम्मं चित्त त्या खणाशीच होतं.

आणि तिथंच पेठेतला जुना दोस्त भेटला. खणखणीत आवाजात. "आयला भावा, तू हितं? वाट चुकलास व्हय?"

साडूंनी मान वळवली. मी म्हणालो, "दरवर्षी मी पलीकडनं बघतो ना, म्हणून त्याला दिसत नाही." दोस्तानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. अनवाणी पायानं अनवाणी पाय दाबला तर लागत काही नाही, पण कोल्हापूरकराला कळतं.

"पलीकडनं म्हणजे नक्की कुठून?" साडू.

तेवढ्यात देवीनंच वाचवलं. एक कार्यकर्ता ओरडला, "ओ उंच काका, बाजूला व्हा! ऊन अडतंय!" साडू सहा फूट, वर टक्कल. मावळतीचा अख्खा उजेड त्यांच्या डोक्यावर येऊन थांबला होता. शंभरेक माणसं त्या टकलाकडं बघत होती. साडू लाजले नाहीत. उलट सावली कुठवर पडलीय ते मागं वळून बघून घेतलं आणि मग सरकले.

आम्ही कसेबसे आवारातल्या मोठ्या पडद्यासमोर पोचलो. दर्शन तिथूनच. गाभाऱ्यातले दिवे मालवले होते. पडद्यावर नुसता अंधार आणि त्या अंधारात हजारो माणसं डोळे लावून. मग कुस्तीच्या मैदानातल्यासारखं समालोचन सुरू झालं. कोण बोलत होतं कळत नव्हतं, सगळेच बोलत होते. "गरुड मंडपात आली!" "गणपती चौक!" "कासव चौक सोडला!" "पितळी उंबरा, पितळी उंबरा!" माझ्या शेजारची एक म्हातारी पदर तोंडाशी धरून पुटपुटत होती, "ये गं बाई, ये." साडूंचा भूगोल गप्प झाला होता. माझ्या चपला मी विसरलो होतो.

पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख. आजचा तिसरा दिवस. पावणेसहाला थोडी मिनिटं कमी. सोनेरी पट्टा चांदीच्या उंबऱ्यावरून आत गेला, देवीच्या पायांवर चढला. आवारात आवाज नाही.

आणि उजेड विझला. पश्चिमेला ढगाचा एक तुकडा, हातरुमालाएवढा.

"हाऽऽ" असा एक उसासा सगळ्या आवारातून निघाला आणि पाठोपाठ "अंबा माता की जय!" म्हातारीनं पायांवरच समाधान मानून हात जोडले आणि मला म्हणाली, "आली हुती की रं. दारापातूर आली हुती."

चपला जागेवर होत्या. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला थांबलो. साडूंच्या मिशीला फेस. त्यांनी खिशातून डायरी काढली, बोटं मोजली. "आज ११ नोव्हेंबर. ३१ जानेवारीला ८१ दिवस." मग ग्लास ठेवून माझ्या खांद्यावर हात टाकला. "तुम्हाला काय, तुम्ही दरवर्षी बघता. आम्हाला मात्र परत यावं लागणार. तिन्ही दिवस राहतो. आणि त्या वेळी तुमच्या त्या पलीकडच्या जागेवरनं बघू."

आमच्या हिला ठसका लागला. दुधानं.