जाताना साडेसहा, येताना साडेतेवीस

बहिणीकडे जायचं विमानाचं तिकीट आलं त्या संध्याकाळी नेमकी आत्या घरी होती. चष्मा पुसून तिने कागद वाचला. मुंबई, रात्री १:४०. न्यूयॉर्क, सकाळी ८:१०. तारीख तीच.

"साडेसहा तास? अरे, सोलापूरची एसटी वाटेत अडकली तरी एवढाच वेळ घेते!" मग परतीचं पान. सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी १०:३० ला मुंबई. "आणि येताना साडेतेवीस. पॅसेंजर दिसतेय. सगळीकडे थांबत येणार."

मी समजवायला बसलो, ही माझी चूक. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. म्हणजे खरे तास जाताना सोळा आणि येताना चौदा. वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. वारा आत्याला लगेच पटला. तिने सायकलवर ये-जा करून शाळेत नोकरी केलीये. "तेच म्हणते मी. वारा पाठीवर, मग साडेतेवीस कसे?"

बाबांना राहवेना. त्यांनी माळ्यावरून माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला, फडक्याने पुसला आणि गोधडीचा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून धरला. दुसरं टोक न्यूयॉर्कवर. ताणला की दोरा सुर्रकन वर सरकायचा: रशिया, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचं टोक. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका सरळ डाव्या हाताला असताना वाटेत स्वीडन काय करतंय, हे त्यांना मान्य नव्हतं. तीनदा त्यांनी दोरा दामटून अरबस्तानावरून नेला. तिन्ही वेळा जास्तच लागला.

शेवटी शिवणाची टेप आली. गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर, दोरा साडेएकोणतीस, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडून बाबा म्हणाले, "बारा हजार साडेपाचशे." मी मोबाइलवर पाहिलं, तर खरंच साडेबारा हजारांच्या आसपास. बाबांनी त्या आनंदात दुसरा चहा सांगितला. दोरा पाकिस्तानवरून जातोय आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते आकाश बंद झालंय, हे मी चहा संपेपर्यंत बोललो नाही.

निघायच्या दिवशी दुपारी चारला कोथरूडहून टॅक्सी सुटली. अंतर दीडशे किलोमीटर. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रेलर आडवा झालेला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चप्पल काढली, डबा उघडला. तेव्हाच मी ओळखलं. विमानतळावर पोचलो साडेदहाला. साडेसहा तास! आत्याचा आकडा बरोबर होता, फक्त चुकीच्या गावाला लागू पडला.

विमानाचं काय सांगू? मधली सीट. समोरच्या पडद्यावर छोटं विमान आणि 'उरलेला वेळ'. मी झोपून उठलो की तो वीस मिनिटांनी कमी झालेला असे.

न्यूयॉर्कला उतरून, रांगेत उभं राहून, बॅगा घेऊन घरी फोन लावला तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ. पुण्यात संध्याकाळचे सात. पहिल्याच रिंगला आत्याने उचलला.

"कुठे होतास रे? आठ दहाला पोचणार होतास ना? सकाळपासून देव पाण्यात घालून बसलेय! अकरा तास उशीर?"

"अगं आत्या, वेळेवर पोचलो."

"बरं, बरं," ती बाबांना म्हणाली, "काढा ते देव बाहेर. गारठले असतील."