कॉम्प्रेसर जाळण्याचा वार्षिक करार

ऑफिसचा ११ टनी डक्टेबल (डक्टमधून सगळीकडे थंड हवा पोचवणारा) एसी नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं काही मागत नाही. आणि मागणं नाही म्हणजे कोटेशनं नाहीत, मंजुरीच्या फायली नाहीत, बैठका नाहीत. अ‍ॅडमिन मॅनेजरने मग करायचं काय? तेव्हा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप, लवकर कसा जाळायचा ते समजून घ्या. अवघड नाही.

पहिली पायरी एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. सगळ्यांत स्वस्त निविदा उचला. ‘वर्षात चार सर्व्हिसिंग’ एवढं लिहिलेलं असलं की झालं. त्यात नेमकं काय करणार हे विचारू नका, माणसं दुखावतात. रिपोर्टवर सक्शन आणि डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरात शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या गॅसचा दाब), तिन्ही फेजचे अँपिअर, रिटर्न आणि सप्लाय हवेचं तापमान असे रकाने असतात. त्या सगळ्यांत ‘ओके’ लिहिलं असेल तरी खुशाल सही करा. आकडे लिहिले तर ते पुढच्या खेपेला बदललेले दिसतात आणि उगाच शंका येते.

आता फिल्टर. धुळीच्या रस्त्यालगतच्या ऑफिसात ते पंधरवड्याला धुवावे लागतात, म्हणून तुम्ही तिमाहीची वाट बघा. टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तुमच्या मशीनला ४,४०० सीएफएम हवा लागते. फिल्टर चोकला की ती घटते, इव्हॅपोरेटर कॉइल, म्हणजे आतली हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फामुळे हवा आणखी अडते. कॉइलमध्ये न उकळलेला द्रव गॅस सक्शन लाइनमधून थेट कॉम्प्रेसरात जातो. कॉम्प्रेसर वायू दाबायला बनवलाय, द्रव दाबला जात नाही. तो बेअरिंगवरचं तेल मात्र छान धुऊन नेतो. एवढ्यात स्टाफ ‘उकडतंय’ म्हणून ओरडू लागेल. थर्मोस्टॅट २४ वरून १८ वर आणा. हवा अधिक थंड येणार नाही, फक्त मशीन मधेमधे थांबायचं तेही थांबणार नाही.

खरी कमाल पुढेच आहे. हवा कमी पडली की सक्शन प्रेशर उतरतं. मेकॅनिक गेज लावतो, काटा बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, गॅस कमी आहे.’ फिल्टर उघडून बघितलेत का, हा प्रश्न इथे गिळायचा. गॅस भरून घ्या. पुढच्या सर्व्हिसिंगला चुकून कुणी फिल्टर धुतलाच, तर आता गॅस जास्त झालेला असतो, डिस्चार्ज प्रेशर चढतं आणि मशीन एचपी ट्रिप दाखवतं, म्हणजे दाब फार चढला म्हणून आपणहून बंद पडतं. एका न धुतलेल्या फिल्टरमधून दोन तक्रारी आणि दोन बिलं!

गॅस खरंच कमी असेल तरीही शोधाशोध नको. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत फिरत असतो, कमी झाला म्हणजे गळतोय. फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, यू-बेंडचं ब्रेझिंग (डाख) अशा ठिकाणी तेलकट डाग असतोच. पण मग नायट्रोजनचा दाब द्या, साबणाचं पाणी लावा, गळती ब्रेझ करा, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) व्हॅक्यूम ओढा, वजनकाट्यावर तोलून गॅस भरा, दिवस जातो. टॉप-अप अर्ध्या तासात होतं. त्यातून मशीन आर-४०७सी गॅसचं असेल तर उत्तमच. तो तीन गॅसांचा मेळ, आणि गळताना तिघे सारख्या प्रमाणात गळत नाहीत. वरून कितीही ओता, मूळ मिश्रण परत येत नाही.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरभोवती पत्रे ठोकून घ्या, इमारत सुबक दिसते आणि बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. कॉइल धुवायचीच झाली तर जेट अगदी जवळून आणि तिरका मारा, म्हणजे फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) आडव्या होऊन वाट कायमची बंद. एचपी ट्रिप आली की कारण न शोधता रीसेट दाबा. वारंवार येत असेल तर ट्रिप करणारा स्विचच शॉर्ट करून देणारे गुणी लोक बाजारात आहेत. ड्रेनला यू-ट्रॅप (पाणी धरून हवा रोखणारं वळण) लावूच नका. ब्लोअरच्या ओढीने पाणी ट्रेमध्येच अडतं आणि फॉल्स सीलिंगवर नकाशे उमटतात, पण ते किरकोळ.

दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद करून जा. कॉम्प्रेसरातलं तेल गरम ठेवणाऱ्या क्रँककेस हीटरची थोडीशी वीज वाचते. चार दिवसांत गॅस थंड कॉम्प्रेसरातल्या तेलात मुरतो. हीटर आदल्या दिवशी सुरू करायचा असतो. तुम्ही सोमवारी नऊला मेन टाका आणि लगेच स्टार्ट दाबा. तेलाचा फेस होतो, आणि बेअरिंगला फेसाने वंगण मिळत नाही.

एकदाचा कॉम्प्रेसर जळला की अर्धी लढाई जिंकलात. नव्याच्या कोटेशनमधून ‘फिल्टर ड्रायर, नायट्रोजन फ्लशिंग, अ‍ॅसिड टेस्ट’ ही ओळ खोडा, काटकसर म्हणून दाखवता येते. जळक्या वाइंडिंगचं (मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांचं) आम्ल नळ्यांतल्या तेलात राहतं आणि नव्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खायला घेतं. पॅनलमधला, एका फेजचा पॉइंट करपलेला कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) तसाच ठेवा. तो दोनच फेजवर मोटर चालवून उरलेलं काम उरकेल. आणि तो बदलायचा हट्ट धरणारा मेकॅनिक कोण आहे ते लक्षात ठेवा. पुढच्या निविदेला त्याला बोलवायचं नाहीये.