‘मालिश करा, बाळ सुधारेल’: एसएमएविषयीच्या एका संदेशाला उत्तर

‘एसएमए’, म्हणजेच स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, या बालवयातील दुर्मीळ जनुकीय आजाराविषयी एक संदेश मोबाइलवर फिरत आहे. हा आजार नात्यात लग्न केलेल्यांच्याच मुलांना होतो, १६ कोटींच्या इंजेक्शनाशिवाय त्यावर उपाय नाही आणि मान उशिरा धरणारे बाळ तेल-मालिशीने वर्षभरात सुधारते, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत; शेवटचे तर जीवघेणे आहे.

पाचव्या गुणसूत्रावरील एसएमएन-१ या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील अशा दोघांकडून आली, तरच बाळाला हा आजार होतो. एकच सदोष प्रत असलेली माणसे, म्हणजे वाहक, साधारण ४० ते ६० जणांत एक आढळतात आणि ती स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्न केल्यास धोका वाढतो हे खरे; परंतु एकमेकांशी कसलेही नाते नसलेले पती-पत्नीही वाहक असू शकतात आणि मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सुनेच्या माहेराला दोष देणाऱ्यांनी ‘दोघांकडून’ हा शब्द पुन्हा वाचावा.

उपचार एकच नाही. तोंडाने रोज घ्यायचे रिसडिप्लाम हे औषध आहे, आणि २०२५ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर त्याची भारतीय जेनेरिक आवृत्ती कितीतरी कमी किमतीत बाजारात आली. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या, दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूदही आहे.

आता मालिश. टाइप १, म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागणारा एसएमएचा गंभीर प्रकार, झालेले बाळ खुळखुळ्याकडे टक लावून बघते, ओळखीच्या चेहऱ्याला हसते, म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात. पण त्याचे पाय बेडकासारखे फाकून गादीवर पडलेले असतात, रडणे क्षीण असते, श्वास घेताना छातीऐवजी पोट हलते आणि जिभेवर बारीक थरथर दिसते. स्नायूंना हालवणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी मरत असतात आणि मेलेली पेशी कोणत्याही तेलाने, किंबहुना कोणत्याही औषधानेही, परत येत नाही. औषध उरलेल्या पेशी वाचवते. उपचार न मिळालेली टाइप १ ची बहुतेक बाळे दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात किंवा श्वासासाठी यंत्रावर अवलंबून राहतात. अशी लक्षणे दिसल्यास त्याच आठवड्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांना गाठून एसएमएन-१ ची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी थोडेसे रक्त पुरते.