‘पोरखेळ’ म्हणणाऱ्या वाचकाला: अंडं, काकवी आणि पेशीपटल

नमस्कार. पेशीपटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातून, पाण्याची ये-जा कशी होते हे दाखवायला मी लेखात कवच काढलेल्या अंड्याचा प्रयोग दिला होता. त्यावर ‘अंड्याचा पापुद्रा म्हणजे पेशीपटल नव्हे, त्यामुळे हा प्रयोग निव्वळ पोरखेळ, कांद्याच्या पापुद्र्यात पटल स्पष्ट दिसतं, ते दाखवा,’ असं तुम्ही लिहिलंत. वर शुद्धलेखन, फोटो आणि माझ्या डिग्रीची चौकशी. कोल्हापुरी माणूस तोंडावर बोलतो, कबूल. पण टोपणनावाच्या आडून नाही बोलत.

एक मान्य करतो: जाडीचे आकडे शेजारी-शेजारी द्यायला हवे होते. घ्या. कवचाखालचे दोन पापुद्रे मिळून साधारण 0.07 मिमी, पेशीपटल 7 ते 8 नॅनोमीटर. जवळपास 10,000 पट फरक. पापुद्रा ही प्रथिनांच्या तंतूंची जाळी. पेशीपटल म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं. हे लेखात होतं. तेवढं वाचायला हवं ना!

प्रयोग पाण्याची ये-जा दाखवण्यापुरता आहे. अंडं व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवायचं, 24 तासांनी व्हिनेगर बदलायचं. कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. दुसऱ्या दिवशी उरलेला पांढरा थर नळाखाली बोटाने हलका चोळायचा. नख लावलं की पापुद्रा फाटलाच. मग गुऱ्हाळावरच्या काकवीत एक दिवस: पाणी बाहेर, अंडं सुरकुतलेलं. साध्या पाण्यात टाकलं की पुन्हा टम्म. दर टप्प्याला वजन घ्या, वादच उरत नाही. त्या पाण्यात खाण्याचा रंग घाला, तोही आत उतरतो, म्हणजे निवड करण्यात हा पापुद्रा ढिलाच. पेशीपटल इतकं सैल नसतं. सोडियम-पोटॅशियमचे आयन मेदाच्या थरातून सहज जात नाहीत. पटलातला प्रथिनाचा पंप एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. हे अंडं दाखवत नाही, आणि दाखवतं असं मी म्हटलेलंही नाही.

आता तुमचा कांदा. लाल कांद्याच्या पाकळीचा जांभळट पापुद्रा, मिठाचं पाणी, रससंकोच (पाणी निघून पेशीचा आतला भाग भिंतीपासून आक्रसणं), प्रयोग झकास. पण ‘पटल स्पष्ट दिसतं’? शाळेतल्या प्रकाश सूक्ष्मदर्शीची मर्यादा फार तर 200 नॅनोमीटर. 7 नॅनोमीटरचा थर त्यात दिसणार कसा? तुम्हाला दिसते ती रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतल्या, रंगीत रसाची कड, पेशीच्या भिंतीपासून मागे हटलेली. पटल तुम्हीही अनुमानानेच मानता. शिवाय मीठ जास्त झालं किंवा काचपट्टी फार वेळ तशीच राहिली, तर पेशी मरते, रंग बाहेर गळतो आणि साधं पाणी घालूनही ती फुगत नाही. शाळांमधून दोन्ही प्रयोग वर्षानुवर्षं घेत आलोय, म्हणून सांगतो. डिग्री विचारण्याआधी एवढं तरी करून बघा राव.

फोटो नि शुद्धलेखनावर उत्तर देत बसत नाही.