आबांच्या म्हशी आणि इटलीचा व्हिसा

आमच्या आबांना इटलीनं नाकारलं. कारण काय, तर हा माणूस मुदत संपल्यावर परत जाईल अशी खात्री वाटत नाही.

कुरिअरनं आलेलं पाकीट मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्येच फोडलं. आत पासपोर्ट आणि छापील कारणांचा एक कागद, त्यात दोन ठिकाणी खुणा. एक पैशाच्या पुराव्याबद्दल, दुसरी परत जाण्याबद्दल. दुसरी वाचली आणि लेथ बंद करून हसत बसलो. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, वय ६८. करवीर तालुक्यात तीन एकर ऊस, दारात चार म्हशी. पुण्याला भाच्याच्या लग्नाला गेले तरी अक्षता पडल्या की "धारंला पोचाय पायजे" म्हणून एस.टी. गाठणारा माणूस. जेवायलाही थांबत नाहीत. आणि हा गडी मिलानमध्ये लपून राहणार!

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माझा व्हिसा आला. एकच घर, एकच सातबारा, एकच एजंट. फरक एवढाच की मी दरवर्षी रिटर्न भरतो आणि माझ्या खात्यात दर महिन्याला काहीतरी येतं-जातं.

ही पोस्ट लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्याभरात तिघांनी मला विचारलं, "भावा, युरोपचं कसं काय केलंस?" आणि तिघंही त्याच वाटेनं निघालेत जिथं आम्ही आपटलो होतो.

आधी आमची चूक सांगतो. आबांची थोरली लेक, म्हणजे आमची ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळं मिलानला असते. तिला भेटायला आबा, काकी आणि मी जाणार, इतकी साधी गोष्ट. एजंट म्हणाला, "लेक तिकडं आहे हे दाखवू नका, संशय येतो." मग त्यानं रोममध्ये चौदा रात्रींचं हॉटेल दाखवलं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं आबांचं रिटर्न नाही. त्यावर उपाय म्हणून 'व्यवसाय' या रकान्यात शेतकरी न लिहिता 'व्यावसायिक' लिहिलं. खात्यात अकरा हजार होते, कारण उसाचं बिल येतं ते एकदम आणि सोसायटीचं कर्ज वळतं होऊन येतं. "चार लाख तरी दिसू देत," म्हणाला. माझ्या वडिलांनी आणि शेजारच्या एकानं अर्जाच्या आठ दिवस आधी पैसे टाकले. वर आबांच्या नावानं एक पत्र, इंग्रजीत, की मला रोमन स्थापत्यकलेची लहानपणापासून ओढ आहे. आबांना! ज्यांनी अजून पन्हाळगडावरची अंधारबाव ही जुनी विहीर नीट बघितली नाही, कारण तिथं गेलं की दुपार मोडते.

थोडक्यात, आम्ही बैलावर झूल टाकून हत्ती म्हणून उभा केला होता. तिकडच्या माणसानं तो हत्ती नाही एवढंच ओळखलं. लोकांना आवडणार नाही, पण माझं मत असं आहे की पहिला नकार बरोबर होता. त्या फाईलमधला माणूस मलाही खोटा वाटला असता.

आता थोडं नियमांचं. इटली हा शेंगेन गटातला देश. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावाशी, मोझेल नदीत उभ्या बोटीवर पाच देशांनी आपसातली सीमेवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ ला आत आला, बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत. एका व्हिसावर या सगळ्यांत फिरता येतं, पण अर्ज कुठं करायचा हे तुमच्या सोयीनं ठरत नाही. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडं करायचा, दिवस सारखे असतील तर आधी उतरणार त्याच्याकडं. "अमक्या देशाचा लवकर मिळतो, तिकडनं काढू" हा सल्ला चहाच्या टपरीवर ठीक आहे. आणि लंडन यात येत नाही, त्याला वेगळा व्हिसा. आयर्लंडलाही वेगळा.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून. आजच्या भावानं नऊ हजारांच्या वर, शिवाय अर्ज गोळा करणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. नाकारलं तर परत मिळत नाही. अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत आणि निघायच्या पंधरा दिवसांच्या आत आलात तरी घेत नाहीत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, शंका आली तर ४५ पर्यंत. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. राहता येतं कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, पण पहिल्यांदा एवढे कुणी देत नाही, मागाल तेवढेच देतात. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर दोन गोष्टी असतात. व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा, आणि त्यात किती दिवस राहायचं तो आकडा. तारखांची मुदत बहुतेक थोडी जास्त असते, ती बघून मुक्काम वाढवलात तर फसलात. आकडा धरायचा.

दाराची किल्ली मात्र पहिल्या व्हिसात आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी सवलत आहे: तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर पुढं दोन वर्षांचा मिळू शकतो, मग पाच वर्षांचा. 'वापरले' हा शब्द महत्त्वाचा. माझा तो पहिला व्हिसा आबांशिवाय जायचं नाही म्हणून पासपोर्टात तसाच वाळून गेला. पैसे गेले आणि मोजणीतही धरला जाणार नाही.

दाद मागायची सोय आहे. इटलीच्या बाबतीत ती रोमच्या प्रशासकीय न्यायालयात, साठ दिवसांत. आबांना सांगितलं तर म्हणाले, "इथं बांधाचा दावा अठरा वरसं चाललाय, आता रोमला तारखंला जाऊ व्हय?" त्यापेक्षा नव्यानं अर्ज. त्याला थांबायची अट नसते, पण फाईल बदलली नाही तर उत्तरही बदलत नाही.

दुसऱ्यांदा एजंट नाही. रविवारी आबांच्या सोप्यात पोतं अंथरून बसलो आणि ट्रंकेतनं एकेक कागद बाहेर काढला. सातबारा, आठ-अ. कारखान्याची तीन हंगामांची ऊस बिलं. सेवा सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा. गावच्या दूध संस्थेचं पासबुक, ज्यात दर दहा दिवसाला रक्कम पडलीय, पाच वर्षं, एक खाडा नाही! एजंटानं हे पासबुक मागितलंच नव्हतं. नोकरदाराची पगार स्लिप महिन्याला एक, आमच्या आबांची महिन्याला तीन. सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं केली. ताईकडून निमंत्रणाचं पत्र, तिचा राहण्याचा परवाना, घराचे कागद मागवले. खात्यात बाहेरचा एक रुपया टाकला नाही. तिकिटाचा खर्च ताई करणार, तर तसंच लिहिलं.

काकींचं वेगळंच. आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि लग्नाची नोंदच नाही. १९८१ चं लग्न, कोण नोंदवतंय? ग्रामसेवकांकडं साक्षीदार घेऊन गेलो. चव्वेचाळीस वर्षांनी दोघांनी नवरा-बायको म्हणून सह्या केल्या, काकींनी सही करताना पदर सारखा केला. आबा म्हणाले, "आता सुटका न्हाई."

पत्र आबांनीच लिहिलं, वहीच्या कागदावर, मी फक्त इंग्रजी केलं. त्यातलं एक वाक्य: "मी नसताना धाकटा भाऊ धार काढील, पण दोन म्हशी त्याला लाथ मारतात, आणि जानेवारीत माझ्या उसाला तोड आहे, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला परत आलंच पाहिजे." मी ते काढणार होतो, हसतील म्हणून. ताई फोनवर म्हणाली, राहू दे, अख्ख्या फाईलमधी तेवढंच खरं वाटतंय.

फोटोसाठी टोपी काढावी लागली. धार्मिक कारण असेल तरच डोकं झाकलेलं चालतं, आणि गांधी टोपी धर्मात बसत नाही. बोटांचे ठसे मात्र पहिल्याच वेळी पुण्यात झालेले, ते ५९ महिने चालतात. बरं झालं, कारण त्या दिवशी आबांचा अंगठा मशीनवर उठेना. वैरण कापून कापून रेघाच राहिल्या नाहीत, रेशनच्या दुकानातही हीच बोंब. केंद्रातल्या मुलीनं ओल्या कागदानं बोटं पुसून पाचव्यांदा घेतले. बिचारी गोड होती. तिच्याशी भांडणारे खूप दिसले, पण निर्णय तिच्या हातात नसतो, वकिलातीत होतो. ती फक्त कागद गोळा करते.

तिघांचाही व्हिसा आला. एकवीस दिवस, एकदाच प्रवेश.

माझा राग कशावर आहे तेही सांगतो. २०२४ साली भारतातून अकरा लाखांच्या आसपास अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. त्यातले किती आबांसारखे असतील, ज्यांच्या कमाईला महिन्याची एक तारीख नाही? त्यांना एकदाही कुणी समोर बसवून विचारत नाही, "काय करता? परत का जाणार?" पाच मिनिटं आबांशी बोलला असता तर साहेबच कंटाळून "जा बाबा" म्हणाला असता. खुणांचा कागद पाठवायचा आणि नव्वद युरो ठेवायचे, हा व्यवहार मला पटलेला नाही.

नोव्हेंबरात निघालो. काकींनी ताईसाठी घरच्या तुपाची बरणी आणि पेढे भरले होते, ते मी आदल्या रात्री काढले. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. काकी दोन तास बोलल्या नाहीत. कांदा-लसणीची चटणी नेली, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. व्हिसा म्हणजे आत सोडायची हमी नव्हे, दारात पुन्हा विचारू शकतात, म्हणून परतीचं तिकीट, विमा, ताईचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवलेलं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं शिक्क्याच्या जागी फोटो आणि ठसे घ्यायला सुरुवात झालीय. आबांनी बोटं पुढं करायच्या आधीच धोतराला पुसली. अधिकाऱ्यानं दोन प्रश्न विचारले, मी उत्तर दिलं, झालं.

मिलान आणि कोल्हापुरी चप्पल यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत, मी करत नाही. थंडी इतकी की ताईनं बूट आणले, तर आबांनी मोजे घेतले आणि वरनं आपलीच करकरती चप्पल घातली.

एक दिवस रेल्वेनं फ्लॉरेन्सला गेलो, दोन तासांचा रस्ता. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला तिथं वारले, विशीतच. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, १८७४ ला तिथं स्मारकाची छत्री उभी राहिली. कास्चिने बागेच्या पार टोकाला आहे. शेजारच्या पुलालाही तिकडचे लोक 'इंडियानो' म्हणतात. पश्चिम युरोपात त्या काळी बहुतेक ठिकाणी असला व्हिसा लागत नसे, हे सगळं पहिल्या महायुद्धानंतर पक्कं झालं. हे मी आबांना सांगत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. चप्पल काढून, मोज्यांवर, ओल्या गवतात उभे राहिले. छत्रीखालच्या पुतळ्याला हात जोडले. बराच वेळ.

मग मला म्हणाले, "गावाकडं किती वाजलं?" साडेचार. लगेच व्हिडिओ कॉल. धाकट्या भावाला छत्री दाखवली, नदी दाखवली. माझ्या वडिलांनी मोबाईल गोठ्याकडं फिरवला. आबा स्क्रीनला नाक लावून बघत होते.

"ती तांबडी पान्हा चोरत्याय. आधी सरकी पुढं ठेव, मग बस."